उताराचा धुरा

बुरांसखाल
१४ एप्रिल २०२४

अक्का, जयभीम.

आज चौदा एप्रिल, अन् मी हिथं डोंगराच्या बोडख्यावर बसून भांडे घासून राहिलो. साखऱ्यात मिरवणूक आता शाळेपाशी आली असंल. आबांनी पांढरा सदरा घातला असंल अन् त्याच्यावर हळदीचे डाग असतीलच. हळद शिजवायच्या दिवसात आबांचा एक बी कपडा सुटत न्हाई. तू अंगणवाडीच्या पोरायला घोषणा शिकवून शिकवून घसा बसवून घेतला असशील.

मोबाईलचं इचारू नको. पुलावरून पाणी पाहत होतो, खिशातून गेला. आता झालं आबांच्या मनासारखं. ‘फोनवरचं वाऱ्यावर जातं, कागदावरचं दोनदा वाचून घेता येतं,’ म्हणतात ना? घ्या मग कागद.

सुरत झालं, गोवा झालं, हरिद्वार झालं. आता हे. गाव म्हणजे एकच रस्ता. रस्त्याच्या वरच्या अंगाला हॉटेलं, खालच्या अंगाला मॅगीच्या टपऱ्या, घोड्यांचा तबेला, मजुरांच्या खोल्या, अन् त्याच्या खाली सरळ घळ. दिल्लीचे लोक येतात, बर्फाचे डोंगर पाहतात, मॅगी खातात, घोड्यावर बसून फोटो काढतात अन् जातात. परवा एका जाड्या माणसाला घोड्यानं बसूच दिलं न्हाई. तो म्हणे पैसे परत द्या, घोडेवाला म्हणे घोड्याला सांगा. या दोन महिन्यांच्या सीझनवर अख्खं गाव वर्ष काढतं.

मी हरकसिंग म्हणून एकाकडं कामाला हाव. सहा खोल्यांचं हॉटेल, नवरा-बायकोनं स्वतः दगड वाहून बांधलेलं. बायकोला सगळे आमा म्हणतात, म्हणजे आजी. तिला मी सांगितलं की आमच्याकडं डोंगर न्हाईत, सगळं सपाट. तर ती म्हणे, ‘पहाड़ नहीं, तो सूरज निकलता कहाँ से है?’ मी म्हणालो, तुरीच्या रानातून. दोन दिवस हसत होती. मला आता ताटात जास्तीचा भात पडतो.

मुद्दा राहिला. मुद्दा आगीचा हाय. यंदा हिथं पाऊस न्हाई, बर्फ न्हाई. समोरच्या डोंगरात रोज कुठं ना कुठं जाळ दिसतो. धुरानं बर्फाचे डोंगर झाकून गेले, मग लोक काहून येतील? काल सात खोल्यांचं बुकिंग गेलं अन् हॉटेल सहा खोल्यांचं, म्हणजे एक तर आमी पायऱ्यांवरच देणार होतो. हिथं चीड नावाचं झाड हाय. त्याची पानं सुईसारखी. वाळून पडतात, गुडघाभर साचतात, पिरूल म्हणतात त्याला. रॉकेलसारखं पेटतं. त्यात त्या झाडाची बोंडं पडलेली, आपल्या कापसाच्या बोंडासारखी, पण लाकडाची अन् पेरूएवढी. हॉटेलचं कुंपण संपलं की हेच.

मी हरकसिंगाला म्हणालो, आमी पेरणीआधी धुरा जाळतो, म्हणजे दोन रानांमधला बांध. मग शेजारचा जाळ आला तरी त्याला खायला काही राहत न्हाई. तसा पट्टा जाळून काढू. ते म्हणाले, ‘रुक जा, जंगलवालों से पूछना पड़ेगा.’ ते इचारतील तवर आग येऊन जेवून जाईल.

तर आबाला इचार. गवत न्हाई, सुया हायत, तर कसं जाळावं. सगळं नीट लिव.

तुझा
धम्मू


साखरा
२४ एप्रिल

धम्मानंदा,

मोबाईल पुलावरून गेला म्हणे! गोव्यात समुद्रात गेला होता, सुरतेत संडासात. पाण्याशी तुझं काय वैर आहे ते तरी कळू दे.

तुझं पत्र वैजनाथनं गोरेगावहून जीपमध्ये आणून दिलं. आबांनी तीनदा वाचून घेतलं. जाड्या माणसाचं दोनदा जास्त. आमा म्हणतात त्या बाईला आबांचा जयभीम सांग. आबा म्हणाले, बाई बराबर बोलली, डोंगरवाल्याला सपाटीचं काय माहीत.

आता धुऱ्याचं. आबा बोलतात तसंच लिहिते.

‘धुरा पहाटे जाळायचा. दव असतं, वारा निजलेला असतो. आधी कुदळीनं दोन हात पट्टा खरडून काढ, माती दिसली पाहिजे. वारा जिकडून येतो तिकडं तोंड करून जाळ चालला पाहिजे, म्हणजे तो म्हातारीसारखा हळू हळू येतो. एकट्यानं करू नको, दोघं पाहिजेत. हातात लिंबाचा ओला डहाळा. लिंब नसंल तर ओलं पोतं. सुया असो का गवत, जाळाला सगळं सारखं. राख गार होईपर्यंत जागा सोडायची न्हाई.’

वैजनाथ हॉर्न वाजवून राहिलाय, त्याला सेनगावला जायचंय. आबा अजून बोलूनच राहिलेत, औंढ्याच्या डोंगरातलं कुठलं तरी जुनं काढलंय. तुला माहीत आहे त्यांचं, एकातून दुसरं निघतं, तू कुणावर गेलास ते काय उगाच? मी इथंच थांबते, न्हाईतर आज पत्र जात न्हाई.

जेवत जा.

ज्योती अक्का


बुरांसखाल
९ मे

अक्का,

मी बरा हाव. हे आबाला आधी वाचून दाखव, मग बाकीचं वाच.

शनिवारी आग लागली. रस्त्याच्या खालचं सगळं गेलं. अकरा टपऱ्या, तबेला, मजुरांच्या खोल्या. घोडे सोडून दिले होते म्हणून वाचले, पण दोघांचे खूर भाजलेत, उभं राहवत न्हाई त्यांना, लोकं धरून उभे करतात. पाण्याचा पाईप प्लास्टिकचा होता, तो वितळून खाली लोंबला. गावात पाच दिवस पाणी न्हाई. पाहुणे त्याच दिवशी तोंडाला ओले रुमाल बांधून निघाले. एवढ्या गाड्या मी कधी एका दिशेनं जाताना पाहिल्या न्हाईत. आता टॅक्सी स्टँडवर कुत्रे झोपतात.

आमा गेली.

घळीत झरा हाय, तिथं पाणी आणायला गेली होती. दुपारी सापडली. हरकसिंग शुक्रवारी सामान आणायला हल्द्वानीला गेले होते, ते संध्याकाळी पोचले.

मला जास्त लिहिता येऊन न्हाई राहिलं.

आबाला सांग, त्यांनी सांगितलं तसा धुरा जाळला होता. पट्ट्याच्या वरचं वाचलं. हॉटेलच्या सहाच्या सहा खोल्या उभ्या हायत.

आग कशी लागली ते न्हाई माहीत. लोक म्हणतात कोणाची तरी बिडी.

धम्मू


साखरा
२५ मे

धम्मू,

तू बरा आहेस ना रे? खरंच बरा? हात-पाय भाजले न्हाईत ना? तुझं अक्षर बघून मला झोप न्हाई.

त्या बाईचं ऐकून आबा ओट्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, ‘तिचं घर तरी वाचलं, माझ्या पोरानं वाचवलं.’ तेव्हापासून दुसरं बोलणं न्हाई. हळद पॉलिश करणाऱ्यांना सांगितलं, वैजनाथच्या जीपमधल्या सगळ्यांना सांगितलं. परवा बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटायच्या आधी उभे राहिले. आबा, जे सभेत कधी तोंड उघडत न्हाईत! म्हणाले, ‘माझं पोरगं दहावी नापास. तुमी त्याला भटक्या म्हणता. पण साखऱ्याचा धुरा त्यानं हिमालयात जाळला अन् एक घर वाचवलं.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांचे डोळे भरून आले. माझेही आले, पण माझं वेगळं.

एक विचारते. तू जिथं धुरा जाळलास तिथली जमीन कशी आहे? सपाट की उताराची? अन् धुरा कोणत्या दिवशी जाळलास? तुझ्या पत्रात आगीचा वार आहे, धुऱ्याचा न्हाई.

लगेच लिव. आबाला दाखवायचं न्हाई असं असंल तर वेगळ्या कागदावर लिव.

अक्का


बुरांसखाल
४ जून

अक्का,

हा वेगळा कागद. सोबतचा दुसरा आबाला वाचून दाखव, त्यात नुसता हवापाण्याचा विषय हाय.

तुला सगळं आधीच कसं कळतं गं? लहानपणी बी मी चोरून बोरं खाल्ली की तू तोंड न उघडता माझ्या खिशाकडं पाहायचीस.

धुरा मी शनिवारी जाळला. चार तारखेला, पहाटे.

हरकसिंग न्हाईत तवर करून ठेवू, आले की खूश होतील, असं मनात होतं. खालच्या मजुरांच्या खोल्यांतल्या दिलबहादूरला बोलावलं. तो नेपाळचा, ओझी वाहतो, रोज संध्याकाळी माझ्याशी पत्ते खेळायचा अन् हरला की म्हणायचा, महाराष्ट्राचे पत्ते वेगळे असतात. पण त्या पहाटे त्याला बस स्टँडवर सामान उतरवायचं होतं. म्हणाला, उद्या कर. मी थांबलो न्हाई. एकट्यानं केलं. तेवढी एक गोष्ट आबांची मोडली. बाकी सगळं त्यांनी सांगितलं तसं. पट्टा खरडला. वारा पाहिला, पान हलत नव्हतं. पोतं ओलं केलं.

जाळ खरंच म्हातारीसारखा चालत होता, अक्का. मला लई बरं वाटलं. वाटलं मी आपल्या रानात हाव.

मग एक बोंड पेटलं अन् निघालं. नुसतं निघालं. गडगडत, खरडलेल्या पट्ट्यावरून उडी मारून, रस्ता ओलांडून खाली. मी त्याच्याकडं पाहतच राहिलो. आपल्या रानात पेटलेलं जागेवर राहतं. पळणारा जाळ मी जन्मात पाहिला नव्हता. तवर दुसरं गेलं, तिसरं गेलं. मी पोतं घेऊन खाली पळालो तर पाय सुयांवरून घसरले. मी पडलो अन् ती बोंडं माझ्या पुढून निघून गेली.

आमा घरात झोपली हाय असं मी समजत होतो. नळाला पाणी कमी यायचं म्हणून हरकसिंग न्हाईत त्या दिवशी ती पहाटे झऱ्यावर जायची, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी डोक्यात आलं न्हाई. मी वरून ओरडलो, आग आग. ते गावाला ऐकू गेलं. तिला खालून काय ऐकू आलं असंल?

आता पुढचं. सोमवारी दिलबहादूरला नेलं. आग विझवायला तो सगळ्यात आधी खाली उतरला होता, म्हणून तिथं दिसला. खिशात बिडीबंडल होतं. बस. तो अजून आत हाय. त्याची बायको मनमाया आमच्या हॉटेलात राहते, कारण तिची खोली जळाली. माझ्या शेजारी बसून भांडे घासते. पाहुणे तर कोणीच न्हाईत, तीच तीच भांडी आमी दोघं घासतो.

कोणाला सांगितलं न्हाई. आबाला तर सांगूच नको. विहारात उभे राहून बोलले ते. मी काय करू, तू सांग.

धम्मू


साखरा
१४ जून

धम्मू,

तुझं पत्र चुलीत घातलं. तू पण माझं हे घाल.

चूप राहा. कोणाशी बोलू नको अन् पहिल्या गाडीनं घरी ये. तू मुद्दाम केलं न्हाईस. तू सांगून ती बाई परत येणार आहे का? त्या नेपाळ्याविरुद्ध पुरावा काय, खिशात बिडी? बिडी तर अर्ध्या जगाच्या खिशात आहे. आज ना उद्या त्याला सोडतील. तू मात्र एकदा आत गेलास तर परक्या मुलखात तुझं कोण आहे?

अन् आबांचा विचार कर. त्यांनी सांगितलं म्हणून जाळलंस. हे त्यांना कळलं तर ते जगतील का? आज पेरणी सुरू केली. पाभर हाकता हाकता वैजनाथच्या बापाला तुझंच सांगून राहिले होते.

माझं ऐक. आजवर कधी ऐकलं न्हाईस, एवढं ऐक. माझ्यासाठी ऐक.

अक्का


जिल्हा कारागृह
१२ जुलै

अक्का,

वरचा पत्ता वाचून बसली असशील तर बसूनच राहा.

तुझं ऐकणार होतो. खोटं न्हाई सांगत, पिशवी भरली होती. निघायच्या आदल्या दिवशी मनमाया आली. म्हणाली, ‘तू चिट्ठी लिखता रहता है ना? मेरे आदमी की अर्ज़ी लिख दे.’ मी म्हणालो माझं हिंदी अक्षर बेकार हाय. ती म्हणाली, मला कुठं वाचता येतं, मला चांगलंच दिसंल. खोलीतून वहीचा कागद घेऊन आली, माझ्यासमोर बसली अन् सांगायला लागली. माझा नवरा दारू पीत न्हाई. माझा नवरा आग विझवत होता. आग कोणी लावली ते आम्हाला माहीत न्हाई.

शेवटची ओळ लिहिता लिहिता हात थांबला. ती म्हणाली, ‘क्या हुआ, स्याही खतम?’

मी म्हणालो, ही ओळ खोटी हाय. मला माहीत हाय कोणी लावली.

आधी हरकसिंगाकडं गेलो. ते जळालेल्या खांबांतून खिळे काढत होते. सगळं सांगितलं. त्यांनी इचारलं, ‘किस टाइम?’ मी म्हणालो, पहाटे पाचला. म्हणाले, ‘मैं शुक्रवार को न जाता तो पानी मैं लाता. सुबह का पानी मैं ही लाता था.’ असं म्हणाले, जसं काही ते माझी माफी मागून राहिले. मग आत गेले अन् कडी लावली. मारलं असतं तर बरं झालं असतं, अक्का.

मग चौकीत गेलो. अर्जावर खाली माझं नाव लिहिलं.

दिलबहादूर दोन तारखेला सुटला. मनमाया भेटायला आली होती. जाळीच्या पलीकडं उभी राहिली. म्हणाली, ‘सत्तावन दिन.’ अन् गेली.

हिथं जेवण बरं हाय. मी एका जागी एवढे दिवस कधीच बसलो न्हाई. सकाळी उठलो की पाय आपोआप चालायला लागतात अन् भिंत येते. फुकटचा वकील मिळालाय, तो म्हणतो तारीख लांब हाय.

पोलीस साखऱ्याला चौकशी करणार हायत, म्हणजे आबाला कळणारच. त्यांना दुसऱ्याकडून कळण्याआधी हे वाचून दाखव:

आबा, चूक माझी हाय. एकट्यानं केलं ती चूक. घाई केली ती चूक. पण तुमी जे जे सांगितलं ते मी पत्र समोर ठेवून केलं. त्यातलं बाकी एक बी सोडलं न्हाई. तुमची शिकवण वाया गेली असं समजू नका.

धम्मू


साखरा
२२ जुलै

धम्मानंद,

तुझं पत्र काल आलं. पोलीस पाटील त्याच्या आधीच येऊन गेले होते. आबांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, पोराचं नाव, वय, सगळं नीट सांगितलं. ते गेल्यावर म्हणाले, ‘त्यानं माझं ऐकलं न्हाई.’ मी चहाचे कप विसळायला घेतले. दुसऱ्या दिवशी विहारात जाऊन सगळ्यांसमोर सांगून आले की त्या दिवशीच्या माझ्या बोलण्यावर टाळ्या वाजवल्या त्या परत घ्या.

काल तुझं पत्र वाचून दाखवलं. ‘एक बी सोडलं न्हाई’ या ओळीपाशी मी थांबले. आबा म्हणाले, वाच. मी वाचलं. आबा म्हणाले, ‘खोटं बोलून राहिला. जेलात बसून बापाशी खोटं बोलून राहिला. मग उताराचं?’

धम्मू, आबांनी उताराचं सांगितलं होतं.

तरुणपणी औंढ्याच्या डोंगरात गवत कापायला जायचे, तिथं एक जळती पेंढी गडगडत खाली आली अन् खालचे दोन बैल भाजून मेले. ते सांगून आबा म्हणाले होते, ‘उतार असंल तर काडी ओढूच नको म्हणावं, काहीही झालं तरी.’ मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं. वैजनाथ हॉर्न वाजवत होता अन् मला वाटलं, आबांचं आपलं नेहमीचं पुराण. मी पेनला टोपण लावलं.

तुझं नऊ मेचं पत्र आलं तेव्हाच मला ते उताराचं आठवलं होतं. म्हणून विचारलं, सपाट की उतार. तू खरं लिहिलंस, अन् मी तुला चूप राहा म्हणाले. आबांसाठी न्हाई. माझ्यासाठी. तू बोललास तर आबा उताराचं काढणार, हे मला ठाऊक होतं. मी एका माणसाला जेलात राहू दिलं, कारण मला आबांसमोर उभं राहायचं नव्हतं. अन् काल तू खोटा ठरलास ते बघत बसले.

अंगणवाडीत पोरांना मीच सांगते, ऐकलेलं पूर्ण सांगायचं.

हे पत्र पेटीत टाकून मग मी आबांना सांगणार आहे. आधी टाकते, न्हाईतर हिंमत व्हणार न्हाई.

ज्योती


साखरा
२५ ऑगस्ट

चि. धम्मानंद यास अमृतराव पाईकराव याचा जयभीम. हे पत्र ग्रामपंचायतीचा दिपक लिहून राहिला.

ज्योतीनं मला सांगितलं. तुला खोटा म्हणालो ते मागं घेतो. विहारात बी जाऊन सांगितलं.

मी तिला बोललो न्हाई. रागाचं बी न्हाई, बऱ्याचं बी न्हाई. एका घरात महिना झाला. तिच्याकडून पत्र लिहून घ्यावं तर जीभ उचलत न्हाई, म्हणून दिपक. ती समोर भाकरी ठेवते, मी खातो. ती खाते का न्हाई ते मी पाहत नव्हतो. परवा शेजारच्या सोजराबाईनं सांगितलं की पोरगी वाळून चालली.

तिनं तुला तीन पत्रं टाकली म्हणे. तुझं एक बी आलं न्हाई. ती रोज जीपच्या वेळेला दारात उभी राहते. तुला तिचा राग असंल. मला बी हाय. पण मी तिच्यासमोर गेलो की मला ती आमा दिसते, जिला मी पाहिलेलं बी न्हाई, अन् मग मी उठून रानाकडं जातो.

तारखेला मी येईन. हरकसिंगांना भेटायचं हाय. त्यांनी दारात उभं केलं न्हाई तरी चालंल.

दिपक म्हणतो पान संपलं. अंगठा करतो.


जिल्हा कारागृह
५ सप्टेंबर

अक्का,

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचलं. दुसरी दोन फोडली न्हाईत, उशाखाली हायत. आबांचं फोडलं.

राग आला होता. लई आला. हिथं रागवायला वेळच वेळ हाय, दुसरं काम काय? तुला शिव्या द्यायला चार वेळा कागद घेतला. पण लिहायला बसलं की तेच येतं. काडी मी ओढली. हरकसिंग म्हणाले होते थांब. दिलबहादूर म्हणाला होता उद्या कर. अन् उतार काय पत्रातून कळायची गोष्ट होती? रोज दुपारी त्याच्यावरून पाणी घेऊन चढताना माझा दम निघायचा. तुझी एक ओळ राहिली, अन् माझे तर दोन डोळे राहिले.

हे तुला बरं वाटावं म्हणून न्हाई लिहीत. बरं वाटण्यासारखं हिथं काही न्हाई. परवा एक घोडेवाला शेजारच्या कोठडीत आला, मारामारीत. त्यानं सांगितलं, हरकसिंग हॉटेलला कुलूप लावून पोरीकडं गेले. सहाच्या सहा खोल्या उभ्या हायत अन् आत कोणी न्हाई. घोडे खालच्या गावात विकले. टपऱ्या पुन्हा बांधल्या न्हाईत, पुढच्या सीझनला पाहू म्हणतात. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. बोलता बोलता म्हणाला, ज्यानं आग लावली तो सापडला म्हणे, कुठला तरी सपाटीवरचा.

मी म्हणालो, व्हय.

आता तू जेव. सोजराबाईला इचारीन मी, तू जेवतेस का ते.

अन् आबाला सांग, दिपकचं अक्षर मला लागत न्हाई. दुसऱ्याच्या हातचं पत्र आलं तर मी फोडणार न्हाई, तसंच ठेवीन. त्यांना काही सांगायचं असंल तर त्यांनी तुझ्यासमोर बसावं अन् बोलावं.

धम्मू